मागावर पाणी

सकाळी सहाला व्हॅन सुरू होत नाही.
टेगविन म्हणते, ढकला. आम्ही ढकलतो:
दातांच्या दवाखान्यातली एक नर्स,
कॉलेजातली दोन पोरं, ज्यांची खरी नावं विचारायची नसतात,
ग्वेंडा प्रॉसर, वय अडुसष्ट, गुडघा नवा, बूट जुने,
आणि मी. एकतीस वर्षं या खोऱ्यात पत्रं टाकली मी.
कुठल्या फाटकाची कडी अडकते,
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं,
हे नकाशापेक्षा मला जास्त ठाऊक.

टेकडीखाली धुकं, कुंपणांना धरून बसलेलं.
तांबडे कोट, काळे कोट,
घोड्यांच्या अंगातून निघणारी वाफ.
देखणं दिसतं, खोटं कशाला बोलू.
कॅलेंडरवर छापतात ते उगाच नाही.

कायदा होऊन वीस वर्षं उलटली.
विचारलं तर म्हणतात, आम्ही फक्त
वासात भिजवलेल्या चिंधीचा माग काढतो.
चिंधीला बीळ नसतं.
मग रात्री फावडी घेऊन
कोण बुजवून गेलं ओकाखालची सगळी बिळं?

माझ्याकडे फवारणीची बाटली,
गुलाबांवरच्या माव्यासाठी घेतलेली.
आत पाणी, आणि सिट्रोनेलाचं तेल.
एवढंच हत्यार.

नऊ चाळीस. झाडीतून हाकारा उठला.
मग ते आलं,
कुंपणाच्या फटीतून, माझ्यापासून दोन हातांवर,
चिखलानं पोट काळं, जीभ बाहेर,
एक कान फाटलेला.
थांबलं नाही. माझ्याकडे पाहिलं असेल तर
टपालपेटीकडे पाहावं तसं.

मी त्याच्या पावलांवर फवारत गेलो
फाटकापासून ओढ्यापर्यंत, कमरेत वाकून,
एक म्हातारं खोकड
दुसऱ्या खोकडाचा माग पुसत.

क्वाडबाइकवरून डॅरल बेडोज आला,
मागे पेटीत टेरियर गुरगुरत.
त्याच्या आईची इस्पितळाची पत्रं
मी दारातून न सरकवता तिच्या हातात द्यायचो.
"घरी जा, सिरिल," तो म्हणाला. "पडशील कुठेतरी."
धमकी होती की काळजी, अजून कळलेलं नाही.
माझा फोन मात्र त्यानं टाचेखाली घेतला.

कुत्री इथे जोड्यांत मोजतात.
साडेसोळा जोड्या उतरल्या ओढ्यावर
आणि गवतात नाकं खुपसून गोंधळल्या.
तेवढ्यात ग्वेंडानं कोटाच्या आतून शिंग काढलं,
तांब्याचं, वीतभर, ओठाशी झिजलेलं.
तिचा बाप याच कुत्र्यांच्या कोठीवर नोकर होता.
त्यानं न्हाणीघरात कोंडून घेऊन शिकवलेला तो सूर:
लांब, हळूहळू उतरत जाणारा,
झालं, आता घरी चला म्हणणारा.

कुत्र्यांनी माना वळवल्या.
त्यांचा काय दोष, ती हाकेला ओ देतात.
पलीकडून मास्टरनंही फुंकलं,
पण रागानं त्याचा श्वास पुरेना.
साडेसोळा जोड्या शेपट्या हलवत
त्या नव्या गुडघ्याभोवती.
ती एकेकाच्या कानामागे खाजवत होती.
त्यांच्या आज्यांची नावं तिला पाठ होती.

दुपारी पलीकडच्या खोऱ्यात
एक मारलंच त्यांनी.
आम्ही पोचलो तेव्हा तारेला
तांबड्या केसांचा झुपका, खाली तुडवलेलं गवत.
कान पाहून ओळखावं
असं काही उरलं नव्हतं.

परतताना कुणी बोललं नाही.
टेगविननं थर्मास पुढे केला, चहा गार होता.

रात्री हात तीनदा धुतले.
माझी कुत्री दारात आली, हुंगलं मला
बुटांपासून मनगटांपर्यंत,
आणि मागे सरून भुंकत राहिली,
परका कुणी पत्र घेऊन
आल्यासारखी.